नवी आंतरराष्ट्रीय आर्थिक व्यवस्था

श्रीमंत व गरीब राष्ट्रांमधील वाढती विषमता कमी व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापार, चलन, भांडवल व तंत्रविद्या यांविषयीचे प्रचलित नियमच बदलावेत, अशी मागणी आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील देशांनी १९७०–८० या दशकात संघटितपणे केली. त्या मागणीला आणि तिच्यातून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ मे १९७४ रोजी संमत केलेल्या जाहीरनाम्यास व कृतिकार्यक्रमास ही संज्ञा लावण्यात येते. तत्पूर्वी गरीब देशांच्या प्रश्नाचा विचार मुख्यतः ‘मदती’च्या भाषेत होत असे. १९७४ च्या जाहीरनाम्याने दारिद्र्याचे एक कारण जागतिक बाजारपेठेच्या घडणीत आहे असे मानले आणि म्हणून दानाऐवजी हक्काची भाषा वापरली. ही मागणी बव्हंशी अयशस्वी ठरली. तथापि तिने उपस्थित केलेले प्रश्न निकालात निघाले, असे म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी : राष्ट्राराष्ट्रांतील आजच्या प्रमाणातील विषमता ही फार जुनी गोष्ट नाही. अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार जगातील सर्वांत संपन्न व सर्वांत दरिद्री प्रदेशांच्या दरडोई उत्पन्नाचे प्रमाण १८२० मध्ये ३ : १ होते. ते १८७० मध्ये ५ : १, १९१३ मध्ये ९ : १, १९५० मध्ये १५ : १ आणि १९९८ मध्ये १९ : १ झाले. जुन्या काळाविषयीचे असे आकडे ढोबळच असतात. परंतु त्यांची दिशा वादातीत आहे. औद्योगिक क्रांतीने पश्चिम यूरोप व उत्तर अमेरिका यांची उत्पादकता झपाट्याने वाढली. त्याच काळात उरलेल्या जगाचा मोठा भाग वसाहतींच्या रूपाने त्यांच्या अंमलाखाली गेला व कच्च्या मालाचा पुरवठा आणि पक्क्या मालाची खरेदी हे काम त्याच्या वाट्याला आले.

या परिस्थितीची आर्थिक मीमांसा सर्वप्रथम ज्या देशांत झाली, त्यांत हिंदुस्थानचे स्थान वरचे आहे. दादाभाई नवरोजी यांनी १८६७ पासून हिंदुस्थानातून इंग्लंडकडे होणाऱ्या संपत्तीच्या एकतर्फी निःसारणाचा सिद्धांत मांडला. १८६७–७० या काळासाठी देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सु. २० रुपये भरते असा हिशेब करून त्यांनी त्याची तुलना तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेल्या खर्चाशी केली. सामान्य रयतेला तेवढेही मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. निःसारणाच्या रकमेविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या ‘भारतीय अर्थशास्त्र’ या विषयावरील व्याख्यानात वेगळ्या बाजूने हाच प्रश्न हाताळला. खुल्या व्यापाराचे इंग्रजी अर्थशास्त्र सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडत नाही, तसेच परतंत्र देशाला केवळ कच्चा माल पिकविणाऱ्या मळ्याची अवस्था येते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे साठ वर्षांनी लॅटिन अमेरिकेत जी विचारसरणी ‘केंद्र व परीघ’ या नावाने प्रसिद्धीस आली, तिचे बीज या व्याख्यानात दिसते. दोहोंमध्ये प्रत्यक्ष संबंध मात्र नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आर्थिक व्यवस्थेचा पाया जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांच्या परिषदेत घातला गेला. आशिया व आफ्रिका यांतील बहुतेक देश तेव्हा परतंत्र असल्यामुळे त्यांना तेथे स्थान नव्हते. हिंदुस्थानही परतंत्रच होता. पण त्याचे शिष्टमंडळ उपस्थित होते व त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आर. के. षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ प्रभृतींचा समावेश होता. आंतरराष्ट्रीय चलननिधीच्या उद्दिष्टांत आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, अशी दुरुस्ती या शिष्टमंडळाने सुचविली. ती त्या स्वरूपात स्वीकारली गेली नाही. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे साचलेल्या हिंदुस्थानच्या पौंड शिलकीचा प्रश्नही श्रॉफ यांनी मांडला. तो धनको व ऋणको यांनी आपापसांत मिटवावा, असे लॉर्ड केन्स यांनी सांगितले. युद्धसमाप्तीच्या सुमारास ही शिल्लक सु. १३० कोटी पौंडांच्या घरात होती. बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली, त्याच वर्षांत ती साठत गेली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. चलननिधी व जागतिक बँक यांमधील मताधिकार सदस्यांच्या भांडवली वाट्याच्या प्रमाणात ठरले. व्यापारासाठी योजिलेली तिसरी संघटना अस्तित्वातच आली नाही. कच्च्या मालाच्या किंमतींविषयी तरतुदी असलेली १९४८ ची हाव्हॅना सनद अमेरिकन काँग्रेसने संमत केली नाही व जकातींपुरता ‘गॅट’ हा करार तेवढा शिल्लक राहिला.

व्यापारशर्तींचा सिद्धांत : नव्या व्यवस्थेच्या मागणीला वैचारिक आधार दिला तो अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राउल प्रेबिश व संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील हान्स सिंगर यांनी. अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख असताना प्रेबिश यांनी १९३० नंतरच्या मंदीत गहू व मांस यांचे भाव कोसळताना प्रत्यक्ष पाहिले होते. संयुक्त राष्ट्रांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीवरून त्यांना असे आढळले, की १८७६–८० मध्ये ठराविक कच्च्या मालाच्या मोबदल्यात जेवढा पक्का माल मिळे तो १०० मानला, तर १९३६–३८ मध्ये तेवढ्याच कच्च्या मालाला केवळ ६४ इतका पक्का माल मिळत होता. खुल्या व्यापाराच्या रूढ सिद्धांताप्रमाणे याच्या नेमके उलट घडावयास हवे होते. कारखान्यांतील उत्पादकता शेतीपेक्षा वेगाने वाढत असल्यामुळे पक्का माल स्वस्त होऊन तांत्रिक प्रगतीचा लाभ कच्चा माल विकणाऱ्या देशांनाही आपोआप मिळावा, अशी त्या सिद्धांताची अपेक्षा होती.

असे का घडले नाही, याची कारणमीमांसा दोघांनी स्वतंत्रपणे केली. प्रेबिश यांच्या मते औद्योगिक देशांत कामगार संघटित असतात व कारखानदारांची मक्तेदारी असते, त्यामुळे वाढलेल्या उत्पादकतेचे रूपांतर चढ्या वेतनात व नफ्यात होते. परिघावरील देशांत बेकार मजुरांचा तोटा नसल्यामुळे वेतन वाढत नाही व उत्पादकतेचा लाभ कमी किंमतीच्या रूपाने परदेशी ग्राहकाला मिळतो. सिंगर यांनी मागणीच्या स्वरूपावर भर दिला. उत्पन्न वाढले म्हणून माणूस त्या प्रमाणात अधिक चहा पीत नाही. रबर, ताग यांसारख्या वस्तूंना तर कृत्रिम पर्याय निघतात. शिवाय मळे व खाणी परकीय मालकीच्या असल्यामुळे त्या ज्या देशात असतात, त्या देशाच्या उर्वरित अर्थव्यवस्थेशी त्यांचा संबंध बेताचाच येतो.

या सिद्धांतावर पुष्कळ टीका झाली. जहाजवाहतूक स्वस्त झाल्याचा परिणाम किंमतींच्या आकड्यांत मिसळला आहे, तसेच १९३६ चे यंत्र व १८७६ चे यंत्र यांची गुणवत्ता एक नव्हे, हे आक्षेप वजनदार होते. तथापि १९८८ मध्ये ग्रिली व यांग यांनी १९०० ते १९८६ या काळाची नव्याने तपासणी केली, तेव्हा प्राथमिक वस्तूंच्या सापेक्ष किंमती वर्षाला सु. अर्धा टक्का या गतीने घसरल्याचे आढळले. घसरण होती, पण प्रेबिश यांना वाटली त्यापेक्षा मंद. चढउतार हा मात्र गरीब देशांना तिच्याइतकाच जाचणारा भाग होता. घाना या देशाचे उदाहरण बोलके आहे. तेथील शेतकऱ्यांनी १९५४ ते १९६५ या काळात कोकोचे उत्पादन दुपटीहून अधिक वाढविले. जागतिक बाजारातील भाव त्याच अवधीत एक तृतीयांशाहूनही खाली आला. अधिक पिकवून कमी मिळविण्याचा हा अनुभव होता. देशाच्या विकासयोजना कोकोच्या उत्पन्नावर आखलेल्या होत्या. फेब्रुवारी १९६६ मध्ये क्वामे एन्क्रूमा यांची राजवट लष्कराने उलथून टाकली, त्यामागे इतर कारणे होतीच. परंतु रिकामी तिजोरी हे त्यांतील लहान कारण नव्हते.

संघटित प्रयत्न : बांडुंग येथे एप्रिल १९५५ मध्ये २९ आशियाई–आफ्रिकी देशांची परिषद भरली. तिचा आशय मुख्यतः राजकीय होता. १९६० नंतर आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र झाले व संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील बहुमत पालटले. १९६४ मध्ये जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद (अंक्टाड) भरली. प्रेबिश तिचे पहिले महासचिव झाले. तिच्या अखेरीस १५ जून १९६४ रोजी विकसनशील देशांनी ‘७७ देशांचा गट’ स्थापन केला. सदस्यसंख्या पुढे १३० च्या वर गेली, तरी नाव तेच राहिले. १९६८ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत विकसनशील देशांच्या पक्क्या मालाला जकातीत सवलत देणारी सर्वसाधारण अग्रक्रम योजना तत्त्वतः मान्य झाली. प्रत्यक्षात तिच्यातून कापड, पादत्राणे यांसारखा गरीब देशांना खरोखर विकता येण्याजोगा माल बव्हंशी वगळण्यात आला. कापडावर तर १ जानेवारी १९७४ पासून बहुतंतू करारान्वये देशवार मर्यादा घालण्यात आल्या व त्या २००४ अखेरपर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात टिकल्या.

विकसित देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम अधिकृत साहाय्य म्हणून द्यावी, हा ठराव आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी केला. दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण गाठावयाचे होते. स्वीडन, नेदर्लंड्स, नॉर्वे व डेन्मार्क यांनी ते त्या दशकात गाठले. देणगीदार देशांची एकत्रित सरासरी मात्र त्यानंतरच्या अर्धशतकात ०.४ टक्क्यांपलीकडे कधीही गेली नाही.

जाहीरनामा व सनद : १९७१ ते १९७४ या चार वर्षांत घटना वेगाने घडल्या. जुलै १९७१ मध्ये चिलीच्या काँग्रेसने तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण एकमताने संमत केले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने डॉलरची सुवर्णपरिवर्तनीयता रद्द केली आणि ब्रेटन वुड्सच्या चलनव्यवस्थेचा कणा मोडला. एप्रिल १९७२ मध्ये चिलीच्याच राजधानीत, सांत्यागो येथे, अंक्टाडची तिसरी परिषद झाली व तीत मेक्सिकोचे अध्यक्ष लुईस एचेव्हेरीया यांनी राष्ट्रांच्या आर्थिक हक्कांची सनद तयार करण्याची सूचना मांडली. सप्टेंबर १९७३ मध्ये अल्जीअर्स येथे अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद संपली, त्यानंतर दोनच दिवसांनी चिलीतील साल्व्हादोर आयेंदे यांचे शासन लष्करी उठावात संपुष्टात आले. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये अरब–इझ्राएल युद्ध भडकले. तेल निर्यातदार देशांनी खनिज तेलाचा भाव पिंपामागे सु. ३ डॉलरवरून जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर नेला. कच्चा माल विकणारे देश एकत्र आले, तर भाव स्वतः ठरवू शकतात, हे प्रथमच दिसून आले.

अलिप्त राष्ट्रांचे अध्यक्ष या नात्याने अल्जीरियाचे हुआरी बूमेद्येन यांनी आमसभेचे खास अधिवेशन मागितले. एप्रिल १९७४ मध्ये भरलेल्या या सहाव्या खास अधिवेशनात जाहीरनामा व कृतिकार्यक्रम मतदान न घेता संमत झाले. अमेरिका व अन्य काही देशांनी त्यांना असलेले आपले आक्षेप नोंदविले. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी राष्ट्रांच्या आर्थिक हक्क व कर्तव्यांची सनद १२० विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाली. १० देश तटस्थ राहिले. विरोधी मते अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क व लक्सेंबर्ग यांची होती. फ्रान्स, इटली, जपान, कॅनडा हे तटस्थांत होते. म्हणजे १२० देशांनी ज्या नियमांना संमती दिली, ते अंमलात आणण्यासाठी लागणारे भांडवल, तंत्रविद्या व बाजारपेठा मुख्यतः उरलेल्या सोळांच्या हाती होत्या.

सनदेतील सर्वांत वादग्रस्त कलम दुसरे होते. नैसर्गिक साधनसंपत्तीवरील राष्ट्राच्या कायम सार्वभौमत्वाचे तत्त्व आमसभेने १९६२ मध्येच मान्य केले होते. पण तेव्हाच्या ठरावात परकीय मालमत्तेच्या राष्ट्रीयीकरणाबद्दलची भरपाई आंतरराष्ट्रीय कायद्याला अनुसरून द्यावी, असे म्हटले होते. १९७४ च्या सनदेने हा उल्लेख गाळला. भरपाई योग्य असावी. परंतु तिच्याविषयीचा वाद राष्ट्रीयीकरण करणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार व त्याच्याच न्यायालयात सुटावा, असे ठरले. भांडवल निर्यात करणाऱ्या देशांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांची भीती निराधार नव्हती, तशी वसाहतकाळात कवडीमोलाने दिलेल्या सवलतींची पूर्ण बाजारभावाने भरपाई देण्यास नव्या देशांनी केलेला विरोधही निराधार नव्हता. याखेरीज कच्चा माल उत्पादकांच्या संघटनांचा हक्क, निर्यातीच्या किंमती आयातीच्या किंमतींशी निगडित करणे, परतफेडीची अपेक्षा नसलेल्या व्यापारी सवलती, तंत्रविद्येचे हस्तांतर, बहुराष्ट्रीय कंपन्यांवर नियंत्रण आणि समुद्रतळ हा मानवजातीचा समाईक वारसा मानणे, या तरतुदी सनदेत व कृतिकार्यक्रमात होत्या. समुद्रतळाचे तत्त्व १९८२ च्या सागरी कायदा करारात उतरले. १९९४ च्या पूरक कराराने मात्र त्यातील आर्थिक तरतुदी पुष्कळशा सौम्य केल्या.

वाटाघाटी : सप्टेंबर १९७५ मधील सातव्या खास अधिवेशनात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या वतीने मांडलेले निवेदन समजुतीच्या सुरातील होते. संघर्षाची जागा संवादाने घेतली. हा संवाद मात्र लांबत गेला. पॅरिस येथे डिसेंबर १९७५ ते जून १९७७ पर्यंत चाललेल्या २७ सदस्यांच्या उत्तर–दक्षिण परिषदेतून फारसे निष्पन्न झाले नाही. लीमा येथे १९७५ मध्ये असे ध्येय ठरले होते, की २००० सालापर्यंत जगाच्या औद्योगिक उत्पादनाचा किमान २५ टक्के भाग विकसनशील देशांत व्हावा. यूरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या जुन्या वसाहतींपैकी ४६ देशांशी फेब्रुवारी १९७५ मध्ये लोमे येथे करार केला व त्यात निर्यात-उत्पन्नातील घट भरून काढण्याची योजना होती. हा त्या काळातील सर्वांत ठोस लाभ म्हणता येईल. मात्र आशियातील देश त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

कच्च्या मालाच्या एकात्म कार्यक्रमाची कथा अधिक तपशिलाने पाहण्यासारखी आहे. श्रीलंकेचे गामानी कोरेआ हे अंक्टाडचे महासचिव असताना नैरोबी येथील मे १९७६ च्या परिषदेने १८ वस्तूंसाठी हा कार्यक्रम स्वीकारला. कोको, कॉफी, चहा, साखर, कापूस, ताग, दोरखंडाचे तंतू, रबर, तांबे व कथिल या दहा प्रमुख वस्तूंचे राखीव साठे करावयाचे, भाव पडला की खरेदी व चढला की विक्री करून किंमती ठराविक मर्यादेत ठेवावयाच्या आणि या साठ्यांना पैसा पुरविण्यासाठी सु. ६ अब्ज डॉलरचा समाईक निधी उभारावयाचा, अशी योजना होती. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर जून १९८० मध्ये निधीचा करार झाला, तो ७५ कोटी डॉलरचा. तो अंमलात येण्यास जून १९८९ उजाडला. तोवर त्याने ज्यांना पैसा पुरवावयाचा होता ते वस्तु-करारच मोडीत निघाले होते. कथिल परिषदेचा पैसा ऑक्टोबर १९८५ मध्ये संपला, लंडनच्या धातुबाजारातील कथिलाचे व्यवहार थांबले आणि भाव निम्म्यावर आला; बोलिव्हियाच्या सरकारी खाणींतील वीस हजारांहून अधिक कामगारांची नोकरी गेली. कॉफी कराराचे निर्यात-कोटे जुलै १९८९ मध्ये, म्हणजे समाईक निधी सुरू झाल्यानंतर महिन्याभराच्या आत रद्द झाले. कार्यक्रमातून नव्याने झालेला साठाधारित करार एकच, १९७९ चा नैसर्गिक रबराचा.

अंतर्विरोध : अपयशाचा सर्व दोष विकसित देशांच्या विरोधाला देता येत नाही. तेलाच्या भाववाढीचा सर्वाधिक भार तेल आयात करणाऱ्या गरीब देशांवर पडला. संयुक्त राष्ट्रांनी ‘सर्वाधिक झळ पोहोचलेले’ म्हणून ज्या देशांची यादी केली, तीत भारतही होता. तेल निर्यातदारांनी आपली शिल्लक विकसनशील देशांत थेट गुंतविण्याऐवजी बव्हंशी पाश्चात्त्य बँकांत ठेवली आणि त्या बँकांनी तोच पैसा लॅटिन अमेरिकेतील सरकारांना बदलत्या व्याजदराने कर्जाऊ दिला. तरीही राजकीय ऐक्याच्या भावनेपोटी ७७ च्या गटाने तेल निर्यातदारांवर उघड टीका टाळली.

दुसरा अंतर्विरोध अधिक खोल होता. राष्ट्राराष्ट्रांत समतेची मागणी करणाऱ्या सरकारांपैकी कित्येकांच्या देशांत जमीन व सत्ता मूठभरांच्या हाती होती, आणि वाढीव निर्यात-उत्पन्न तेथे तळापर्यंत झिरपेल याची शाश्वती नव्हती. पीटर बॉअर यांच्यासारख्या उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञांनी यावरच बोट ठेवले. पाकिस्तानचे महबूब उल-हक हे तर नव्या व्यवस्थेचे कट्टर पुरस्कर्ते. पण देशांतर्गत सुधारणांशिवाय ती निरर्थक ठरेल, असा त्यांचाही इशारा होता. भारतात वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांच्या पुणे येथील अभ्यासाने १९७१ मध्ये दारिद्र्याचा प्रश्न दरडोई सरासरीतून बाहेर काढून घरांच्या पातळीवर आणला होता. १९६०–६१ च्या किंमतींनुसार ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रु. व शहरात २७० रु. इतकाही खर्च न करू शकणाऱ्यांची त्यांनी मोजदाद केली. राष्ट्र हे एकक मानून चाललेल्या जागतिक वाटाघाटींत या माणसांचा उल्लेख क्वचितच होत असे.

अस्त : पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर व्हिली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाने १९८० मध्ये उत्तर व दक्षिण यांच्या परस्परहिताचा अहवाल सादर केला; लक्ष्मीकांत झा हे आयोगाचे भारतीय सदस्य होते. अहवालातील सूचनेनुसार ऑक्टोबर १९८१ मध्ये मेक्सिकोतील कानकून येथे २२ राष्ट्रप्रमुखांची बैठक झाली. इंदिरा गांधी तीस उपस्थित होत्या. रॉनल्ड रीगन व मार्गारेट थॅचर यांनी बाजारपेठेवर भर दिला व सर्वंकष वाटाघाटींचा विषय तेथेच मागे पडला.

खरा निर्णय मात्र कोणत्याही परिषदेत झाला नाही. महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने १९७९ पासून व्याजदर वाढवीत सु. २० टक्क्यांपर्यंत नेले. कर्जदार देशांचे व्याज वाढले, मंदीमुळे कच्च्या मालाचे भाव पडले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने देणी फेडणे अशक्य असल्याचे जाहीर केले. त्यानंतर अनेक वर्षे गरीब देशांकडून श्रीमंत देशांकडे जाणारा पैसा उलट दिशेने येणाऱ्या पैशापेक्षा अधिक होता. चलननिधी व जागतिक बँक यांनी कर्जाच्या पुनर्रचनेसाठी घातलेल्या अटींत अनुदानांत कपात, खाजगीकरण व आयातीवरील निर्बंध उठविणे यांचा समावेश असे. एकेका देशाला वेगळे गाठून होणाऱ्या या वाटाघाटींत ७७ च्या गटाच्या एकजुटीला काही अर्थ उरला नाही.

ज्यूलिअस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखाली दक्षिण आयोगाने १९९० मध्ये आपला अहवाल दिला. त्याचे महासचिव मनमोहन सिंग होते. पुढच्याच वर्षी ते भारताचे अर्थमंत्री झाले, तेव्हा परकीय चलनाच्या टंचाईपायी रिझर्व्ह बँकेला सु. ४७ टन सोने तारण म्हणून मुंबईहून परदेशी पाठवावे लागले. ज्या आर्थिक सुधारणा त्यानंतर झाल्या, त्यांची दिशा १९७४ च्या कृतिकार्यक्रमाच्या विरुद्ध होती.

उत्तरकाळ : विषमतेतील पुढील बदल कोणाच्याच सिद्धांताला पूर्णपणे अनुकूल ठरले नाहीत. १९५७ मध्ये घानाइतकेच दरडोई उत्पन्न असलेला दक्षिण कोरिया एका पिढीत औद्योगिक राष्ट्र बनला. त्याने निर्यातीची वाट धरली होती. परंतु त्याआधी जमीनसुधारणा केल्या होत्या, पतपुरवठ्यावर सरकारचा अंमल होता व अमेरिकेचे मोठे साहाय्यही होते. जागतिक बँकेच्या २०२२ मधील अहवालानुसार चीनमध्ये चाळीस वर्षांत सु. ८० कोटी लोक आत्यंतिक दारिद्र्यातून बाहेर आले. दररोज १.९० डॉलर या रेषेखालील लोकांचे जागतिक प्रमाण १९९० मध्ये एक तृतीयांशाहून अधिक होते, ते २०१५ मध्ये १० टक्क्यांवर आले. ब्रांको मिलानोव्हिच यांच्या गणनेप्रमाणे जगातील सर्व व्यक्तींमधील उत्पन्नाच्या विषमतेचा गुणांक १९८८ च्या सुमारास ०.७० होता, तो २०१८ पर्यंत ०.६० च्या आसपास उतरला. ही घट मुख्यतः चीन व नंतर भारत यांच्या वाढीमुळे झाली. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका तीत फारशी सहभागी नाही व आत्यंतिक दारिद्र्यातील लोकांचा बहुसंख्य भाग आता तेथेच आहे. निर्यातीसाठी एकदोन कच्च्या वस्तूंवर अवलंबून असलेल्या देशांचा प्रेबिश यांनी वर्णिलेला प्रश्न या देशांपुरता अजून तसाच आहे.

जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली व तंत्रविद्येचे सुलभ हस्तांतर ही जुनी मागणी बाजूला पडून एकस्वांचे कडक संरक्षण सर्व सदस्यांवर बंधनकारक झाले. २००३ मध्ये तिची मंत्रिपरिषद पुन्हा कानकून येथेच भरली. या वेळी ब्राझील, भारत आदी देशांनी श्रीमंत देशांच्या शेती-अनुदानांवरून एकत्रित भूमिका घेतली व परिषद निष्फळ ठरली. त्याआधी १९९६ पासून अतिऋणग्रस्त गरीब देशांना कर्जमाफी देण्याची योजना सुरू झाली होती. तिचा लाभ तीसहून अधिक देशांना मिळाला. साहाय्याच्या बाबतीत ब्रिटनने ०.७ टक्क्यांचे प्रमाण २०१३ मध्ये गाठले, पण २०२१ मध्ये ते ०.५ वर आणले. अमेरिकेने १९६१ पासून चालत आलेली आपली साहाय्यसंस्था २०२५ मध्ये मोडीत काढली.

नव्या आंतरराष्ट्रीय आर्थिक व्यवस्थेच्या नावाचा ठराव आमसभेने २०२२ मध्येही संमत केला. त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. त्याहून महत्त्वाचा ठरला तो आफ्रिकी देशांनी मांडलेला २२ नोव्हेंबर २०२३ चा ठराव. बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील करआकारणीचे नियम विकसित देशांच्या संघटनेऐवजी संयुक्त राष्ट्रांत ठरावेत, यासाठी करविषयक आंतरराष्ट्रीय कराराची बोलणी सुरू करण्याचा हा ठराव १२५ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला व ९ देश तटस्थ राहिले. विरोधकांत अमेरिका, ब्रिटन, जपान व यूरोपीय संघाचे सदस्य होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोलणी सुरू होताच अमेरिका त्यांतून बाहेर पडली. इतर देशांनी ती पुढे चालू ठेवली.